ॲटनबरो : एका गावचे नाव, एका कुळाची खूण

‘गांधी’ हा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. १९८२ साली तो प्रथम पडद्यावर आला आणि त्याला आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली. मराठी माणसाला त्या चित्रपटाचे अगत्य अधिक, कारण त्यातली कस्तुरबा पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांनी उभी केली, आणि वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या त्या कोल्हापूरच्या भानू अथैया. दिग्दर्शक होते सर रिचर्ड ॲटनबरो. त्यांचे धाकटे बंधू डेव्हिड ॲटनबरो हे पशुपक्ष्यांवरच्या दूरदर्शन मालिकांमुळे घरोघरी परिचित झाले. थोरल्याचा जन्म १९२३ चा, धाकट्याचा १९२६ चा. रिचर्ड २०१४ साली निवर्तले.

एकाच घरात असे दोन कीर्तिवंत निपजले की आपला सहज समज होतो की इंग्लंडात ॲटनबरो नावाची माणसे गल्लोगल्ली असतील. वस्तुस्थिती उलट आहे. हे इंग्रजी आडनाव दुर्मीळ आहे. ब्रिटनमध्ये स्मिथ आडनावाची माणसे पाच लाखांहून अधिक आहेत. ॲटनबरोंची संख्या त्याच्या शंभराव्या हिश्शालाही पोचत नाही. मात्र या छोट्याशा आडनावाच्या पोटात मोठा इतिहास दडलेला आहे. तो वाचताना आपल्या बेटावरच्या मराठी घरांनाही स्वतःविषयी काही समजेल, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

गाव सोडले, नाव लागले

इंग्लंडच्या मध्यभागी नॉटिंगहॅमशर नावाचा परगणा आहे. तेथे ट्रेंट नदीच्या काठी, बीस्टन या नगराजवळ ॲटनबरो नावाचे गाव आहे. सेंट मेरीचे जुने चर्च हे गावाचे भूषण. इंग्लंडच्या यादवी युद्धात गाजलेला सेनापती, ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन, याच गावी १६११ साली जन्मला. नदीकाठची रेती उपसून उपसून येथे मोठमोठे खड्डे पडले होते. त्यांत पाणी साठून तळी झाली, पाखरे आली, आणि तेथे निसर्गराखीव क्षेत्र झाले. १९६६ साली त्याचे उद्घाटन करायला बोलावले ते डेव्हिड ॲटनबरो यांनाच. ॲटनबरो गावचे उद्घाटन ॲटनबरोंच्या हस्ते झाले!

गावाच्या नावाची फोड जाणकार अशी करतात. जुन्या इंग्रजीत ‘बुर्ह’ म्हणजे तटबंदीची जागा, कोट. अड्डा किंवा तत्सम नावाच्या कुणा पुरुषाचा कोट, तो ॲटनबरो. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकण्यापूर्वीची ही भाषा. तेव्हा तेथल्या सामान्य माणसाला आडनाव नव्हतेच. नॉर्मनांच्या नंतर, प्रथम सरदार-जमीनदारांत आणि मग हळूहळू सर्व थरांत, वंशपरंपरेने चालणारी आडनावे रुजली. इसवी सन १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांना आडनाव लागलेले होते.

ही आडनावे मुख्यतः चार वाटांनी आली. धंद्यावरून स्मिथ, म्हणजे लोहार. बापाच्या नावावरून जॉन्सन. रंगरूपावरून किंवा स्वभावावरून ब्राऊन. आणि गावावरून ॲटनबरो. यातली शेवटची वाट मराठी माणसाला समजावून सांगायला नकोच. पुणेकर, सातारकर, चिपळूणकर ही आपली त्याच रीतीची आडनावे. त्यात एक मर्म आहे. चिपळुणात राहणाऱ्याला कुणी चिपळूणकर म्हणत नाही. तो चिपळूण सोडून दुसरीकडे गेला की त्याला ते नाव चिकटते. ॲटनबरोंचेही तसेच झाले असणार. गावाचे नाव आडनाव होते ते गाव सुटल्यानंतर.

‘ॲटन’ या जुन्या शब्दाचा अर्थ ‘अमक्यापाशी’ असाही होतो. म्हणून कोटापाशी किंवा टेकडीपाशी राहणारा, अशीही या आडनावाची एक व्युत्पत्ती पूर्वी देत असत. परंतु या आडनावाची माणसे पिढ्यान् पिढ्या नॉटिंगहॅमशर आणि शेजारच्या डर्बीशर भागातच दाट आढळत आली, म्हणजे त्या गावाच्या आसपासच. त्यामुळे गावावरून आडनाव हेच मत सयुक्तिक वाटते. रिचर्ड व डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक हे स्टेपलफोर्डचे. तेथून ॲटनबरो गाव अगदी जवळ. नवल असे की हे फ्रेडरिक स्वतः जुन्या इंग्रजीचे पंडित होते. इंग्लंडच्या सर्वांत जुन्या राजांचे कायदे त्यांनी भाषांतरासह १९२२ साली प्रसिद्ध केले. आपल्या आडनावातला ‘बुर्ह’ त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

आडनावे मरतात कशी?

एखादे आडनाव दुर्मीळ का होते? कुळाला शाप लागतो म्हणून नव्हे, तर साध्या हिशोबाने.

समजा, एका बेटावर शंभर घरे आहेत आणि शंभर निरनिराळी आडनावे आहेत. बाहेरून कुणी येत नाही. मुलगी सासरी गेली की आडनाव बदलते, मुलगा तेच नाव पुढे चालवतो. पहिल्या पिढीत दहा-वीस घरांत मुलगा झाला नाही, किंवा जगला नाही. तितकी आडनावे बुडाली. दुसऱ्या पिढीत आणखी काही बुडाली. बेटावरची माणसे तितकीच राहतील, वाढतीलसुद्धा, पण आडनावे मात्र घटत जातील.

हे कोडे फ्रान्सिस गाल्टन या विद्वानाने १८७३ साली इंग्लंडातल्या एका शैक्षणिक मासिकात जाहीरपणे घातले. हेन्री विल्यम वॉटसन या पाद्री गणितज्ञाने त्याचे उत्तर काढले, आणि १८७४ साली दोघांचा निबंध वाचला गेला. प्रत्येक आडनाव शेवटी नष्टच होणार, असे वॉटसनने काढलेले अनुमान चुकीचे होते. पुढच्या गणितज्ञांनी ते सुधारले. परंतु त्याची रीत पक्की होती. तीच रीत पुढे जीवशास्त्रात आणि अणुविज्ञानातही उपयोगी पडली.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. आज जी दुर्मीळ आडनावे दिसतात ती या चाळणीतून कशीबशी वाचलेली आहेत. मुळात एका गावावरून चार कुटुंबांनी तेच नाव घेतले असेल, तरी तिघांचे वंश खुंटून एकाचाच उरलेला असू शकतो. त्या एकाला मुलगे अधिक झाले, ते जगले, म्हणून आज ते नाव ऐकू येते.

ब्रिटन व आयर्लंडमधल्या आडनावांचा ऑक्सफर्डचा चार खंडांचा कोश २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पंचेचाळीस हजारांहून अधिक आडनावे घेतली आहेत. आज शंभरांहून अधिक माणसे वापरतात ते प्रत्येक आडनाव त्यात घ्यायचे, असा संपादकांनी दंडक ठेवला. विरळ झालेली आडनावे हातची जाऊ नयेत म्हणून १८८१ च्या शिरगणतीत वीसांहून अधिक माणसांनी लावलेली आडनावेही घेतली. एका कोशात स्मिथही आहे, ॲटनबरोही आहे, आणि आपला पटेलही आहे. इंग्रजी आडनाव कशाला म्हणायचे, याचे उत्तर काळाबरोबर बदलते.

रक्ताची साक्ष

आता प्रश्न असा की आजचे सगळे ॲटनबरो खरोखर एका मूळ पुरुषाचे वंशज आहेत काय? जुन्या चर्चच्या नोंदवह्या १५३८ सालापासून सुरू होतात. त्याआधीचा सामान्य माणसाचा पुरावा तुटपुंजा. येथे विज्ञान मदतीला आले.

पुरुषाच्या शरीरात वाय नावाचे एक गुणसूत्र असते. ते बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला जवळजवळ जसेच्या तसे मिळते. इंग्रजी आडनावही त्याच वाटेने जाते. म्हणजे एका मूळ पुरुषाचे आडनाव चालवणाऱ्या सर्व पुरुषांत त्याच्या वाय गुणसूत्राची खूण सापडायला हवी.

ऑक्सफर्डचे ब्रायन साईक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत एकच खूण निघाली. त्यानंतर लेस्टर विद्यापीठातल्या तुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले. तो निबंध २००९ साली आला. स्मिथांच्या खुणा एकमेकांशी जुळेनात. रस्त्यावरून जाणारे कुठलेही शंभर इंग्रज घ्यावेत, तसेच स्मिथ. ते अपेक्षितच होते, कारण प्रत्येक गावाला लोहार होता आणि प्रत्येक लोहार स्मिथ झाला. परंतु ॲटनबरोंची गोष्ट निराळी निघाली. तपासलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के पुरुषांत एकच खूण सापडली. नावाचे स्पेलिंग वेगळे लिहिणारेही त्याच खुणेचे निघाले. कारकुनाने नाव कसेही लिहिले तरी बापाकडून आलेली खूण बदलत नाही.

हे काम झाले ते लेस्टर विद्यापीठात, आणि फ्रेडरिक ॲटनबरो हे त्या विद्यापीठाच्या आधीच्या कॉलेजचे १९३२ ते १९५१ प्राचार्य होते. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे बालपण त्याच आवारात गेले. जेथे ही मुले खेळली त्याच संस्थेत पुढे त्यांच्या आडनावाचे मूळ शोधले गेले.

आडनाव जितके दुर्मीळ तितके ते धारण करणारे एकमेकांचे नातेवाईक असण्याचा संभव अधिक, हा या संशोधनाचा निष्कर्ष. आडनाव जितके सर्रास तितका नात्याचा भरवसा कमी.

परंतु उरलेल्या १३ टक्क्यांचे काय? तेही ॲटनबरोच. कुणी दत्तक गेलेला, कुणी आईचे आडनाव लावलेला, कुणी सावत्र बापाच्या घरी वाढलेला, कुणी लग्नाबाहेर जन्मलेला, कुणी स्वतंत्रपणेच ते नाव घेतलेला. रक्त वेगळे असले तरी ते नाव त्यांनी पिढ्यान् पिढ्या लावले, त्या नावाने शेती केली, कर भरला, लढाईत मेले. त्यांना नाव परके म्हणण्याचा अधिकार कुणाला?

यॉर्कशरमधला आफ्रिकी पूर्वज

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. लेस्टरच्या संशोधकांनी ते विचारले, आणि एकदा त्यांना मोठा धक्का बसला.

यॉर्कशर परगण्याच्या पूर्व भागातले एक दुर्मीळ आडनाव आहे. ते लावणारा एक गोरा इंग्रज तपासणीला आला. त्याच्या वाय गुणसूत्राची खूण अशी निघाली की जी तोवर फक्त पश्चिम आफ्रिकेशी संबंध असलेल्या माणसांत दिसलेली होती. त्या गृहस्थाला आपल्या घराण्यात कुणी आफ्रिकी होता याचा गंधही नव्हता. मग त्याच आडनावाचे आणखी पुरुष शोधून काढले. १८ जणांपैकी सात जणांत तीच खूण सापडली. कागदपत्रांवरून त्यांच्या वंशावळी अठराव्या शतकाच्या अखेरच्या यॉर्कशरपर्यंत मागे गेल्या. म्हणजे त्याही आधी केव्हातरी एक आफ्रिकी पुरुष, किंवा त्याचा वंशज, इंग्लंडात येऊन राहिला, त्याला मुले झाली, आणि ती इंग्रजच झाली. हा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला.

रंग गेला, भाषा गेली, आठवण गेली. दोनशेहून अधिक वर्षे त्या घरांत कुणालाही शंका आली नाही. अस्सल यॉर्कशरी नाव म्हणून जे मिरवले, त्याच्याच पोटात आफ्रिका होती. आपल्या बेटावर अनेक वंशांची माणसे शेजारीशेजारी राहतात, आणि काही घरांत एकाच छपराखाली राहतात. या माणसाचे मूळ कुठले हे मी चेहऱ्यावरून सांगतो, किंवा नावावरून सांगतो, असे छातीठोकपणे म्हणणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

राजाची ओळख आजीकडून

आणखी एक कथा याच विद्यापीठाची. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत पडला. २०१२ साली लेस्टर शहरात मोटारी उभ्या करण्याच्या एका आवाराखाली त्याचा सांगाडा मिळाला. तो त्याचाच, हे ठरवायचे कसे? तुरी किंग यांनी पुरुषवंशाकडून पाहिले. राजघराण्याच्या त्याच पुरुषवंशातले म्हणून कागदोपत्री नोंदलेले पाच जण तपासले. एकाचीही खूण राजाशी जुळली नाही. मधल्या पिढ्यांत कुठेतरी बापाचे नाव एक आणि बाप दुसरा, असे झाले होते. राजवंशाची वंशावळ राजदरबारी लिहिलेली, तिचीही ही कथा.

राजाची ओळख पटली ती स्त्रीवंशाकडून. आईकडून मुलीकडे जाणारा डीएनएचा एक वेगळा अंश असतो. राजाच्या बहिणीच्या लेकी, त्यांच्या लेकी, असा धागा धरत आजच्या काळातल्या दोन वंशजांपर्यंत पोचले, आणि तेथे जुळले. दर पिढीला लग्नानंतर ज्यांचे आडनाव पुसले गेले त्या बायकांनी हा धागा अखंड आणून पोचवला. या तपासणीचा सविस्तर निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला आणि २०१५ साली राजाचे विधिवत दफन झाले.

थोडा हिशोब करून पाहा. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात त्या पिढीच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा भरतात. आडनाव त्यांतल्या फक्त एकाचे आपल्याला मिळते. बाकीच्या १,०२३ जागांवर बसलेल्यांचे रक्त अंगात असेल, नाव मात्र नाही.

आणि रक्तही नाही, नावही नाही, तरी घरचीच, अशी माणसे असतात. १९३९ साली हिटलरच्या जर्मनीतून निसटलेल्या दोन ज्यू मुली लेस्टरला ॲटनबरोंच्या घरी आल्या. पुढे अमेरिकेला नातेवाइकांकडे जायच्या होत्या, पण महायुद्ध भडकले आणि वाट बंद झाली. फ्रेडरिक आणि मेरी ॲटनबरो यांनी आपल्या तिन्ही मुलांना बसवून विचारले आणि त्या मुलींना ठेवून घेतले. सात वर्षे त्या बहिणी म्हणून त्या घरात राहिल्या. त्यांच्यात ॲटनबरोंची ती ८७ टक्क्यांतली खूण कुठून असणार? पण रिचर्ड आणि डेव्हिड यांनी त्यांना आयुष्यभर बहिणीच मानले.

आपल्या नोंदवह्या

आता आपल्याकडे वळू. मॉरिशसला १८३४ पासून करारबद्ध मजूर येऊ लागले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे आली. त्यांत मुंबई बंदरातून आलेले आपले कोकणातले पूर्वज होते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला. नोंदवहीत नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण लिहिली गेली. कोकणी उच्चार ऐकून कारकुनाने कानाला लागेल तसे रोमन अक्षरांत नाव उतरवले. पुढे अनेक घरांत त्या पुरुषाचे पाळण्यातले नाव हेच वंशजांचे आडनाव झाले.

म्हणजे आपली गोष्ट ॲटनबरोंच्या उलट झाली. त्यांचे नाव एक, रक्तही बहुतांशी एक. आपल्याकडे दोन सख्खे भाऊ आले असतील, एक रामजी आणि एक गोविंद, तर त्यांची नातवंडे आज दोन निराळ्या आडनावांची असू शकतात आणि एकमेकांना ओळखणारही नाहीत. उलट, रामजी नावाचे दहा जण दहा गावांहून आले असतील, तर त्यांचे वंशज एका आडनावाचे असूनही एकमेकांचे कुणीच नाहीत. रामजी हा आपला स्मिथ झाला! तेव्हा आडनाव एक म्हणून भाऊबंद, आणि आडनाव वेगळे म्हणून परके, असे धरून चालण्यात अर्थ नाही.

वाचकहो, याला उपाय महागड्या तपासणीचा नाही. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या आप्रवासी नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. घरात जुना क्रमांक लिहिलेला कागद असेल, तर तेथून पणजोबांचे गाव आणि जहाज यांचा माग काढता येतो. त्याआधी घरातल्या वृद्धांशेजारी बसावे आणि एक वही करावी. पणजोबांचे नाव तर लिहावेच, पण पणजीचेही लिहावे, तिच्या माहेरचेही लिहावे. घरात वाढलेल्या, जिला सगळे आत्या म्हणत पण जी कुणाचीच सख्खी बहीण नव्हती, तिचेही लिहावे. ॲटनबरो गावचा अड्डा कोण होता, हे आज कुणाला सांगता येत नाही. त्याचे फक्त नाव उरले. आपल्या घरातल्या आजी अजून बोलू शकतात, तोवर त्यांना विचारून घ्यावे.